गॅस्केटवाचून अडलेली डीपी: नागपुरात वीज वितरणाचं साहित्य पुरवायला उतरणाऱ्यांसाठी

एका मे महिन्यातली गोष्ट. हिंगणा एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये ६३ केव्हीएची एक डीपी, म्हणजे गावाला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, दुरुस्त होऊन उभी होती. कॉइल नवी, ऑइल गाळून भरायला तयार, टाकीचा रंगही वाळलेला. दारात टेम्पो लागलेला आणि गावाकडून तासातासाला फोन. तरी डीपी काही हलेना. मिस्त्री म्हणाला, "सगळं झालं भाऊ, पन गॅस्केटच नाही."

बुशिंगखाली (तार टाकीत शिरते तिथली चिनी मातीची नळी) बसणारं गॅस्केट म्हणजे रबर मिसळलेल्या कॉर्कची चकती. तर्री-पोह्याच्या एका प्लेटीपेक्षा स्वस्त. माणूस इतवारीत धावला, तर मिळालं साध्या कॉर्कचं. ते गरम ऑइलमध्ये दोन महिन्यांत पाझरायला लागतं. शेवटी दुसऱ्या दिवशी बाहेरगावाहून पार्सल आलं तेव्हा डीपी निघाली. तोवर एका गावाची आणखी एक रात्र पंख्याविना गेली, तीही नागपूरच्या मे महिन्यातली.

कॉइल, कोअर, ऑइल यांचा हिशेब आमच्याकडे वहीत होता. गॅस्केटचा कुठेच नव्हता, कारण एवढ्याशा वस्तूचा हिशेब ठेवायचा असतो हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. या धंद्यात येऊ पाहणाऱ्या, छोटी शेड किंवा आयटीआयचा हात असलेल्या, किंवा हार्डवेअरच्या दुकानातून पुढे सरकू पाहणाऱ्यांसाठी मी काय काय कसं करावं ते सांगतो. महावितरणच्या कागदावर ट्रान्सफॉर्मरला रोहित्र म्हणतात. लाइनमन आणि शेतकरी दोघेही डीपीच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणेन.

पहिली पायरी: डीपीखाली जाऊन उभे राहा

कॅटलॉग नंतर वाचा. आधी वानाडोंगरी किंवा बुटीबोरीच्या रस्त्यावरची कुठलीही डीपी गाठा, कुंपणाबाहेर सुरक्षित अंतरावर थांबा आणि वरून खाली एकेक वस्तू वहीत उतरवा. ११ केव्हीची तार, तिच्याखाली पिन किंवा डिस्क इन्सुलेटर, ते धरणारा आडवा क्रॉस आर्म, मग लाइन हाताने तोडायचा एबी स्विच, उडाला की खाली लोंबणारा डीओ फ्यूज, वीज पडली तर ती जमिनीत नेणारे अरेस्टर, मग ट्रान्सफॉर्मर, त्याच्या बाजूला हवेतली ओल शोषणारा सिलिका जेलचा ब्रीदर, खाली कमी दाबाची एलटी केबल, डिस्ट्रिब्युशन बॉक्स, बॉक्समध्ये किटकॅट फ्यूज किंवा एमसीसीबी (आपोआप पडणारा मोठा स्विच), आणि जमिनीत गेलेल्या अर्थिंगच्या पट्ट्या. खांबाला ताण देणारा स्टे सेट विसरू नका, तो बाजूच्या झुडपात असतो. तारांची नावं ऐकून हसू येईल: स्क्विरल, वीझल, रॅबिट, डॉग. सगळी जनावरं. पण महावितरणच्या स्टोअरमध्ये याच नावांनी बोलतात, तेव्हा पाठ करा.

आता प्रत्येक वस्तूपुढे दोन गोष्टी लिहा: ती कशाची बनते आणि तो कच्चा माल कुठून येतो. क्रॉस आर्म लोखंडी चॅनलचा, चॅनल रायपूरकडच्या रोलिंग मिलचं किंवा जालन्याचं. तार ॲल्युमिनियमची, आणि ॲल्युमिनियम म्हटलं की आपल्या बाजूला कोरबा. पोर्सिलेनचा इन्सुलेटर असेल तर खुर्जा किंवा गुजरात. डीपीच्या पोटातल्या कोअरची सीआरजीओ पत्री, म्हणजे खास पोलादाचे पातळ पत्रे, बरीचशी आयात होते. देशात ती वर्षानुवर्षं एकट्या नाशिकच्या कारखान्यात बनत होती. ही वही भरली की नागपूर नेमकं कुठे बसतं ते कळतं. आपल्याकडे लोखंड एका रात्रीत येतं, ऑइल आणि पत्रीला दिवस लागतात. जे रात्रीत येतं त्यावर धंदा सुरू करा.

दुसरी पायरी: काय बनवायचं

नवखा माणूस पहिल्या भेटीत मला विचारतो, "भाऊ, ट्रान्सफॉर्मर बनवायचं का?" मी नाही म्हणतो. निदान पहिली तीन-चार वर्षं तरी नाही.

ट्रान्सफॉर्मरला आयएस ११८० भाग १ हे २०१४ चं मानक लागतं, आणि २०१५ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशानंतर आयएसआय मार्कशिवाय तो विकता येत नाही. वर वीजबचत दाखवणारं बीईईचं स्टार लेबल. डिझाइन सिद्ध करायला टाइप टेस्ट, त्यातली शॉर्ट सर्किट टेस्ट सगळ्यात जीवघेणी. कोराडीला सीपीआरआय या सरकारी वीज संशोधन संस्थेचं केंद्र आहे म्हणून नवखे खूश होतात, पण ते औष्णिक विजेच्या संशोधनाचं. शॉर्ट सर्किटसाठी डीपी ट्रकवर घालून भोपाळसारख्या लांबच्या केंद्रावर न्यावी लागते, तारीख मिळेपर्यंत थांबावं लागतं आणि कॉइल सरकली तर पैसे आणि महिने दोन्ही जातात. ही उडी भांडवल असलेल्याने मारावी.

तुम्ही सुरुवात करा ती खांबावरच्या लोखंडापासून: क्रॉस आर्म, क्लॅम्प, टॉप फिटिंग, स्टे सेट, अर्थिंगचं साहित्य, डिस्ट्रिब्युशन बॉक्स. किंवा त्याहून बारीक वस्तूंपासून: गॅस्केट, बायमेटॅलिक लग (केबलच्या टोकाला बसणारी दोन धातूंची टोपी), ब्रीदर, बुशिंगचे धातूचे भाग. हे शेवटचं मला सगळ्यात पटतं. नागपूर आणि आसपास डीपी दुरुस्त करणारे आणि बनवणारे आहेत, त्यांना या वस्तू रोज लागतात, आणि त्या जवळ मिळाल्या तर ते चार पैसे जास्त देतात. बायमेटॅलिक लगचंच घ्या. बुशिंगचा खिळा तांब्या-पितळेचा, केबल ॲल्युमिनियमची. दोन्ही सरळ जोडले की ओल्या हवेत ॲल्युमिनियम खाल्लं जातं, जोड सैल होतो, तापतो आणि एक दिवस बॉक्स काळा पडतो. लाइनमनजवळ लग नसला की तो तार पिळून बोल्टला गुंडाळतो. चूक त्याची म्हणायची, पण लग त्याच्या पिशवीत आलेलाच नसतो.

तिसरी पायरी: दार कोणतं ठोठवायचं

जून २००५ मध्ये एमएसईबीचे तुकडे होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण झाले, तरी लोक अजून "एमएसईबीत माल देतो" असंच म्हणतात. प्रत्यक्षात दारं वेगवेगळी आहेत.

मोठी खरेदी, म्हणजे हजारो ट्रान्सफॉर्मर आणि किलोमीटरच्या किलोमीटर केबल, मुंबईत बांद्र्याच्या प्रकाशगडमधून निघते. तिथे मागच्या वर्षांच्या पुरवठ्याचा अनुभव आणि उलाढाल मागतात. नव्याला ते दार बंद आहे असं समजा आणि वाईट वाटून घेऊ नका. दुसरं दार नागपुरातलं: काटोल रोडच्या विद्युत भवनातून आणि खालच्या कार्यालयांतून लहान कामं आणि तातडीच्या गरजा निघतात, त्यांच्या ई-निविदांवर रोज नजर ठेवा. तिसरं दार टर्नकी, म्हणजे अख्खं काम अंगावर घेणाऱ्या, कंत्राटदारांचं. वीज वितरण सुधारण्याची केंद्राची आरडीएसएस योजना २०२१ मध्ये ३ लाख ३ हजार ७५८ कोटींच्या आकड्यासह जाहीर झाली, आणि तिच्यातलं लाइनचं काम अशाच कंत्राटदारांकडे गेलं. साहित्य हे कंत्राटदारच विकत घेतात. त्यांना माल मंजूर नमुन्याबरहुकूम हवा असतो आणि साइटवर वेळेत हवा असतो. अनुभवाचे दाखले इथूनच जमवायचे. चौथं दार म्हणजे मघाशी म्हटलेले डीपीवाले.

माझा सल्ला: पहिलं वर्ष चौथ्या दारात, दुसरं तिसऱ्यात. पहिल्या दाराचा विचार त्यानंतर.

चौथी पायरी: कागद

उद्यम नोंदणी आधी करा. फुकट असते, ऑनलाइन होते, एजंटला पैसे देऊ नका. एप्रिल २०२५ पासून अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटींपर्यंत उलाढाल असली तर तुम्ही सूक्ष्म उद्योगात मोडता. नोंदणीत "उत्पादन" लिहा, खरंच उत्पादन करत असाल तर. नुसता व्यापार लिहिला तर पैसे वेळेवर मिळण्याचं कायद्याचं संरक्षण हातून जातं. जीएसटी, ई-निविदेसाठी क्लास ३ ची डिजिटल सही, वस्तूला लागत असेल तर आयएसआय मार्क देणाऱ्या बीआयएसचं लायसन्स. अडलंच तर सिव्हिल लाइन्सला जिल्हा उद्योग केंद्र आहे, सेमिनरी हिल्सच्या सीजीओ कॉम्प्लेक्समध्ये केंद्राचं एमएसएमई कार्यालय आहे. हिंगण्याच्या एमआयडीसी असोसिएशनमध्ये आणि विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशनमध्ये (व्हीआयए) अधूनमधून जाऊन बसा. तिथे भाषणापेक्षा चहाच्या वेळी जास्त कळतं.

पाचवी पायरी: साखळी मागे मागे चालत जा

इथे जरा थांबतो, कारण मी स्वतः इथेच तोंडघशी पडलो.

सगळे सांगतात, प्रत्येक वस्तूला दोन पुरवठादार ठेवा. मीही ठेवले होते. क्रॉस आर्म आम्ही बनवायचो आणि गॅल्व्हनायझिंग, म्हणजे जस्ताचा मुलामा, बाहेरून करून घ्यायचो. एक जॉबवर्कवाला शहराच्या या टोकाला, दुसरा त्या टोकाला. एका पावसाळ्यापूर्वी पहिला म्हणाला, दोन आठवडे जमणार नाही. मी निवांत दुसऱ्याला फोन लावला, तर तोही तेच म्हणाला. चौकशी केल्यावर समजलं, दोघांचीही स्वतःची टाकी नव्हतीच. दोघंही माल तिसऱ्याच एका टाकीवर पाठवत होते आणि ती टाकी बदलायला काढली होती. कागदावर माझे दोन पुरवठादार होते, पण जस्त एकाच टाकीत वितळत होतं. त्या लॉटचा दंड भरला तो मी.

म्हणून विचारताना "तुम्ही देता का?" एवढ्यावर थांबू नका. "तुम्हाला कोण देतं?" हेही विचारा. सांगत नसेल तर टेस्ट सर्टिफिकेट मागा. लोखंडाच्या सर्टिफिकेटवर मिलचं नाव आणि हीट नंबर, म्हणजे एका वेळी वितळवलेल्या मालाचा क्रमांक, असतो. दोन दुकानांची सर्टिफिकेटं शेजारी ठेवली की मिल एक की दोन ते दिसतं. हीट नंबर मालावर रंगवलेल्या नंबराशी जुळतो का तेही पाहा. जुळत नसेल तर ते सर्टिफिकेट दुसऱ्याच कोणाच्या मालाचं आहे.

डीपीची पत्री घेणाऱ्यांनी आणखी सावध राहावं. जुन्या कोअरची पत्री कापून, नवी म्हणून विकणारे असतात. दिसायला चकचकीत, पण डीपी चोवीस तास लाइनवर असते आणि कोअरचा लॉस, म्हणजे वाया जाणारी वीज, चोवीस तास चालू असतो, लोड असो वा नसो. भाव फारच कमी असेल तर का कमी आहे हे शोधल्याशिवाय घेऊ नका.

भावाचं म्हणाल तर तांबं, ॲल्युमिनियम आणि जस्त हे तुमच्या हातात नाही, लंडनच्या धातू बाजारात ठरतं. मोठ्या निविदांत भावफरकाचं कलम असतं. आयईईएमए ही उत्पादकांची संघटना दर महिन्याला मूळ धातूंचे भाव प्रसिद्ध करते, त्यावरून फरक काढतात. छोट्या ऑर्डरीत बहुधा "भाव फर्म" असं लिहिलेलं असतं, म्हणजे फरक मिळणार नाही. तेव्हा फर्म भावाची ऑर्डर हातात आली की त्याच दिवशी जस्त आणि लोखंड बुक करा. उद्या उतरेल या आशेवर बसलेले पुष्कळ पाहिलेत.

सहावी पायरी: आपला माल आपणच नापास करा

गॅल्व्हनायझिंग डोळ्यांनी ओळखता येत नाही. दोन्ही तुकडे चांदीसारखे दिसतात. ५ मिलिमीटर किंवा जास्त जाडीच्या लोखंडावर आयएस ४७५९ नुसार चौरस मीटरला सरासरी ६१० ग्रॅम जस्त हवं. ते वजनाने काढायची पद्धत आहे. पण रोजच्या कामाला मोरचुदाची परीक्षा पुरते, आणि ती शेडमध्ये होते.

स्टे रॉडचा वीतभर तुकडा कापा, कापलेलं टोक मेणाने झाका. तुकडा पुसून स्वच्छ करा. मोरचुदाचं, म्हणजे कॉपर सल्फेटचं, आयएस २६३३ प्रमाणे बनवलेलं निळं द्रावण काचेच्या भांड्यात घ्या आणि तुकडा एक मिनिट बुडवा. हलवू नका. काढा, नळाखाली धुवा, पुसा. काळसर थर निघून जातो, खाली राखाडी जस्त. परत एक मिनिट. असं चार वेळा. जस्त पुरेसं असेल तर चौथ्या बुडीनंतरही तुकडा राखाडीच राहतो. कमी असेल तर तिसऱ्याच बुडीला आट्यांच्या कडांवर तांबडा ठिपका उमटतो आणि पुसून जात नाही. ते तांबं लोखंडावर बसलंय, म्हणजे तिथे जस्त संपलंय. हा तांबडा ठिपका तुमच्या शेडमध्ये दिसला तर एक तुकडा गेला. इन्स्पेक्टरसमोर दिसला तर सगळा लॉट गेला.

ऑइलचं एकच सांगतो. ड्रम उभे ठेवू नका. वर पावसाचं पाणी साचतं आणि रात्रीच्या गारव्याने ड्रम आत ओढतो तेव्हा बुचातून पाणीही आत जातं. आडवे ठेवा, दोन्ही बुचं ऑइलच्या पातळीखाली आडव्या रेषेत येतील असे. नव्या ऑइलचा ब्रेकडाउन व्होल्टेज, म्हणजे ज्या दाबाला ऑइलमधून ठिणगी जाते तो, गाळण्याआधीच किमान ३० किलोव्होल्ट हवा. जुलैत उभ्या ठेवलेल्या ड्रमचा किती येतो ते एकदा स्वतः मोजून पाहा.

सातवी पायरी: वर्षाचं गणित आणि साठा

विदर्भात डीपी दोन हंगामांत जास्त जळतात. एकदा उन्हाळ्यात, कूलर आणि एसी एकदम लागले की. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश नोंदले गेले होते, अशा दिवशी डीपी रात्रीसुद्धा थंड होत नाही. दुसऱ्यांदा रब्बीत, दिवाळीनंतर गहू-हरभऱ्याला पाणी सुरू झालं आणि सगळे पंप एकाच फीडरवर ओढायला लागले की. मधे वादळाचा आठवडा येतो, तेव्हा डीपीपेक्षा क्रॉस आर्म, इन्सुलेटर आणि स्टे सेट यांची ओरड होते. म्हणजे तुमचा साठा फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात भरलेला हवा. मे महिन्यात ऑर्डर देणारा मे महिन्यातल्या भावाने घेतो.

किती ठेवायचं? समजा, दिवसाला ६ बॉक्स बनवता आणि बॉक्सचं कुलूप यायला २१ दिवस लागतात. सहा गुणिले एकवीस म्हणजे १२६. वर गाडी उशिरा येण्याचे १० दिवस धरा, ६० आणखी. रॅकवर १८६ कुलपं उरली की त्या दिवशी ऑर्डर गेली पाहिजे. वहीत नुसतं लिहून होत नाही. आम्ही १८६ व्या कुलपावर लाल चिंधी बांधतो. चिंधी हातात आली की पोरगा ऑफिसात आणून देतो. महाग वस्तूंना हे करावं लागत नाही, त्यांची आठवण बँकच करून देते. चिंधी बांधायची ती गॅस्केट, लग, वॉशर, सिलिका जेल, नेमप्लेटचे रिव्हेट यांना.

आठवी पायरी: इन्स्पेक्शन आणि पोच

ड्रॉइंग आणि तांत्रिक तपशिलाचा तक्ता मंजूर झाल्याशिवाय पत्रा कापू नका, कोणी तोंडी कितीही "चालेल" म्हटलं तरी. इन्स्पेक्शनचा कॉल माल शंभर टक्के तयार झाल्यावरच द्या. माल पास झाला तरी डिस्पॅचच्या सूचनेपर्यंत तो शेडमध्ये पडून राहतो, तेवढी जागा आधीच धरून ठेवा. स्टोअरला माल उतरल्यावर पोचपावतीवर तारीख आणि सही घेतल्याशिवाय ड्रायव्हरला परत येऊ देऊ नका. पुढचं सगळं त्या तारखेवर मोजलं जातं.

नववी पायरी: पैसे

पत्रा, जस्त, वेल्डर यांचे पैसे तुम्ही आज देता. तुमचे पैसे येतात नंतर. मधल्या दिवसांचं भांडवल नसेल तर चांगल्यातली चांगली शेड बसते. निविदेत भाव भरताना बयाणा रक्कम, अनामत, बँक गॅरंटी आणि त्यात अडकलेल्या पैशाचं व्याज धरा. नवे लोक ते धरत नाहीत, म्हणून सगळ्यात कमी भाव त्यांचाच निघतो, आणि मग ते रडतात.

कायदा तुमच्या बाजूने आहे, फक्त तो वापरावा लागतो. २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराला माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात, आणि लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट, दर महिन्याला चक्रवाढ व्याज. तक्रार ऑनलाइन करता येते. एप्रिल २०२४ पासून आयकरातही तरतूद आली: मुदतीत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही. त्यामुळे मार्चमध्ये कंत्राटदारांचे अकाउंटंट स्वतःहून फोन करायला लागले. पण यासाठी तुमच्या बिलावर उद्यम क्रमांक छापलेला हवा. नसेल तर त्यांना कळणार कसं?

तक्रार करून संबंध बिघडवायचे नसतील तर ट्रेड्स (TReDS) हे बिलांवर आगाऊ पैसे मिळवायचं ऑनलाइन व्यासपीठ वापरा. खरेदीदाराने बिल मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात आणि पैसे काही दिवसांत मिळतात, थोडं व्याज कापून. २५० कोटींपेक्षा जास्त उलाढालीच्या कंपन्यांना त्यावर नोंदणी बंधनकारक आहे, तेव्हा ऑर्डर घेतानाच विचारा, "साहेब, बिल ट्रेड्सवर टाकाल ना?"

दहावी पायरी: सहा महिन्यांनी परत त्याच डीपीखाली

ही कोणी करत नाही. आम्हीही पाच-सहा वर्षं केली नव्हती. एकदा हिंगण्याच्या पुढे जात असताना आमचाच बॉक्स दिसला म्हणून थांबलो. रंग ठीक, बिजागऱ्या ठीक, नेमप्लेट वाचता येत होती. कुलूप मात्र उघडंच लोंबत होतं आणि दार जीआय तारेने बांधलेलं. जवळच लाइनमन होता, त्याला विचारलं. तो म्हणाला, "तुमचं कुलूप पावसात जाम होते साहेब. रात्री दोन वाजता फ्यूज बांधाले येतो, टॉर्च तोंडात, किल्ली फिरत नाही. तार बरी."

दुसऱ्या आठवड्यात आम्ही कुलपाचा नमुना बदलला: खाली तोंड असलेलं, वर पत्र्याची टोपी, पितळेचं. बॉक्समागे खर्च थोडा वाढला. आणि त्या नव्या कुलपाला किती दिवस लागतात, ते कोण बनवतो आणि त्याला पितळ कोण देतं, हे वहीत लिहूनच पहिली ऑर्डर दिली.